उलट्या क्रमाने

शाळेच्या मागे, जुन्या सायकल स्टँडवर पत्रे टाकून
आमचं वर्कशॉप. अकरावी, डेंटिंग-पेंटिंग,
बावीस मुलगे आणि मी.
विमा कंपनीने दिलेली एक पांढरी गाडी,
राहूड घाटात कंटेनरला मागून भिडलेली.
तिला नाव ठेवायचं होतं, कोकणी सरांनी ठेवू दिलं नाही.
"पेशंट नाही ती. पत्रा आहे. पत्र्यासारखं बघा."

पहिले दोन आठवडे हातोडीच दिली नाही.
डोळे मिटायचे, सुती हातमोजा घालायचा
आणि हात फिरवायचा, बोटांनी नाही,
अख्ख्या तळव्याने, लांबच लांब.
"डोळा रंगाला भुलतो. तळवा नाही भुलत."
भोयेला, पेठहून आलेल्या, हॉस्टेलमधल्या,
पहिल्याच दिवशी सापडला फेंडरवरचा खळगा,
तांदळाच्या दाण्याएवढा.
मला नवव्या दिवशी.

मग डॉली आली हातात. मुठीएवढं लोखंड,
गुळगुळीत, थंड. आतून तिचा टेकू, बाहेरून हातोडी.
ठण् वाजलं तर ती बरोब्बर खाली आहे.
ठप् वाजलं तर तू नुसती मारतेयस, गांगुर्डे.
फार ठोकलास तर पत्रा ताणतो, पापडासारखा फुगतो,
मग दाबशील तिथे टकटक उलटं बोलत राहतो.

फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ, कुणी पुसायची नाही:
जो मार शेवटी बसला तो आधी काढायचा.
बोनेट दुमडलं, मग खांब वाकला,
मग छताला सुरकुती पडली,
म्हणून सुरुवात छतापासून.
"अपघात उलटा वाचायचा. मी उर्दू शाळेतला, मला सवय आहे,"
असं म्हणून सर एकटेच हसतात.

बाबा अंबडला, प्रेस शॉपमध्ये. दरवाजेच काढतात.
सपाट पत्रा आत, धाडकन, दरवाजा बाहेर.
सतरा सेकंद.
उजवी तर्जनी पेरभर कमी आहे.
ती कितव्या सेकंदाला गेली, सांगत नाहीत.

जूनमध्ये मी न विचारता फॉर्म भरला.
ते म्हणाले, नवा दरवाजा सतरा सेकंदांत निघतो,
जुना ठोकत कोण बसतं?
मी म्हणाले, मग बोटही नवं काढून दाखवा.
मग तांब्या. माझ्यावर नाही, कपाटावर.
मग दार, धाडकन.
मग अडीच महिने.

तर, शेवटचा मार आधी. दार.
त्यांच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात
मी रात्री कडी काढून ठेवू लागले,
वाऱ्याने लागू नये म्हणून फटीत माझी चप्पल.
रोज ते चप्पल उचलून जागेवर ठेवत. बोलत नसत.

मग तांब्या. सरांच्या वहीत सही करून डॉली घरी आणली.
आईच्या साड्या पलंगावर काढल्या,
डॉलीला आतून फडकं गुंडाळलं.
ठप्. ठप्. ठण्.
शेजारी झोपलेत गं, आई म्हणाली,
आणि मोबाईलचा उजेड धरून उभी राहिली.
पुट्टी, एकशेवीसचा कागद, मग चारशेचा,
राखाडी प्रायमर.
रंग दिला नाही. तो हिरवा आता कुठेच मिळत नाही,
द्वारकेपासून शालिमारपर्यंत विचारलं.

त्याच्या आधीचं ते वाक्य राहिलंय.
त्याला आतून टेकू कसा लावायचा
हे अजून आमच्या पोर्शनमध्ये आलेलं नाही.

काल रात्री बाबा आले. डबा ओट्यावर ठेवला,
दिवा लावला नाही.
अंधारात कपाटाशी उभे राहिले.
मी झोपेचं सोंग घेतलं, ऐकत राहिले
तळव्याचा आवाज, खरखरीत प्रायमरवरून,
एकदा वरून खाली, एकदा आडवा,
लांबच लांब. यांना कुणी शिकवलं?
मग थांबला.
"इथं," ते म्हणाले, कपाटालाच म्हणाले बहुतेक,
"एक सूत वर आहे अजून."